काउंटर चारची बेल

"एका महिन्यात त्र्याऐंशी वेळा बेल!" मॅनेजर साहेबांनी काउंटर चारची कॅशियर हेमांगी हिच्यापुढे कागद आपटला. बिल करताना एखाद्या वस्तूची किंमत मशीनने दाखवली नाही, तर कॅशियरने बेल दाबायची आणि पाळीवरच्या माणसाने येऊन किंमत सांगायची, अशी आमच्या सुपरमार्केटची पद्धत.

मशीन बिघडलं असणार, म्हणून साहेबांनी मेकॅनिकच आणला होता. त्याने साबुदाणा, फिनेल, खोबरेल, हाताला येईल ते मशीनसमोर धरलं. सगळ्यांच्या किमती बिनबोभाट उमटल्या.

"मग बेल कशाला वाजवता, मॅडम?"

तांदळाच्या पोत्यांआड लपू पाहणाऱ्या, पाळीवरच्या रोहिदासकडे हेमांगीने एकदाच पाहिलं. "सर, मला सगळ्या किमती पाठ आहेत. पण हे धावत येतात, किंमत सांगतात आणि पळतात. म्हटलं, कधीतरी दुसरं काही बोलतील."

रांगेतली गिऱ्हाइकं टाचा उंचावून बघू लागली. साहेब मात्र पाळ्यांची वही चाळत होते. "अहो, ही पाळी रोज बदलते. दर वेळी रोहिदासच कसा?"

रोहिदास कानापर्यंत लाल झाला, पण पुढे आला. "सगळ्यांची पाळी मीच मागून घेतो, सर. महिनाभर सुट्टीसुद्धा घेतली नाही." मग तो हेमांगीकडे वळला. "उद्या घेणार आहे. तुम्ही घ्याल?"

साहेबांनी तोंड उघडायच्या आत काउंटर चारची बेल चौऱ्याऐंशीव्यांदा वाजली.