इकारोस बुडाला नव्हता

“आता मी जे सांगणार आहे, त्यावर अख्ख्या ग्रीसमध्ये कोणी विश्वास ठेवणार नाही,” म्हातारा सासरा म्हणाला. “पण इकारोस बुडालाच नव्हता.”

सेवास्तीने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि डोळे मिटले. चर्चची घंटा आता कधीही वाजली असती. बाप्तिस्म्याला निघायचं, आणि पोराला अजून नाव नाही.

पहिल्या नातवाला आजोबांचं नाव, हा रिवाज तिलाही मान्य होता. पण कुठलं? कागदोपत्री सासरा पानागिस. ते नाव ती हसत द्यायला तयार होती. म्हातारा म्हणे, ते पाद्र्यांच्या सोयीचं. पाद्री संताचंच नाव लावतात आणि इकारोस नावाचा कोणी संत नाही, म्हणून तसं लिहिलेलं. घराण्याचं खरं नाव इकारोस. सगळं गाव त्याच नावाने हाक मारतं. बेट इकारिया, भोवतीचा समुद्र इकारोसचा, आणि नातू तेवढा पानागिस? छे!

सेवास्ती कालिम्नोस बेटावरची. तिचा बाप स्पंज काढायला समुद्राच्या तळाशी गेला तो वर आलाच नाही. समुद्रात गेलेल्याचं नाव ती पोटच्या पोराला देणार नव्हती. तिचा नवरा ‘पाद्रीबाबा आले का बघतो’ म्हणून सकाळीच सटकला होता.

“अहो, काहीतरी एक ठरवा की,” उंबऱ्यावरून स्त्रातिस कळवळला. तो बाळाचा धर्मपिता. “पाद्रीबाबा नाव मलाच विचारणार. मी काय ‘बाळ’ म्हणून सांगू?”

“गप रे. सूनबाई, तू ऐक. लोक काय सांगतात? बापाने पिसं मेणाने चिकटवून पंख केले, पोरगं सूर्याच्या फार जवळ गेलं, मेण वितळलं, समुद्रात पडून बुडालं. बरोबर? आता आपला आथेरास डोंगर बघ. खाली बदाम फुलतात तेव्हा वर बर्फ. जितकं वर जावं तितका गारठा. मेण वितळेल की घट्ट होईल?”

“मेण वितळो, नाहीतर दगड होवो, बाबा. खाली समुद्र होता की नाही?”

“होता ना. नाही कुठे म्हणतोय?”

“मग झालं तर!”

“कुठे झालं? बाप कोण होता? कारागीर. आणि पोरगं अर्ध्या वाटेत म्हणालं, ‘मला नाही यायचं पुढे. ते खालचं बेट बरं दिसतंय, मी इथेच उतरतो.’ आता बापाने जगाला काय सांगावं? पोरगं ऐकत नाही म्हणून? त्यापेक्षा देवाच्या माथी मारलेलं बरं. सूर्यदेव कोपला, मेण वितळलं, गेला बिचारा. अगं, सूर्यदेवाला काय कामधंदा नाही?”

अर्गिरो, म्हाताऱ्याची बायको, खिडकीपाशी पाहुण्यांसाठी साखरी बदामांच्या पुरचुंड्या बांधत होती. तिने वर पाहिलं नाही. गाठ मात्र जरा जास्तच आवळली.

“उतरला, पण नेम चुकला. किनाऱ्यापासून जरा आत पडला. आला पोहत. खडकावर एक पोरगी ऑक्टोपस मऊ करायला आपटत उभी. तिने याला बाहेर ओढलं, कोंबडीसारखी पिसं उपटली आणि म्हणाली, ‘भूक लागली असेल ना?’ झालं लग्न. ती पिसं तिने उशीत भरली. ती उशी माझ्या आजीकडे होती.”

“आता कुठेय?”

“उंदरांनी खाल्ली.”

“बाबा!” सेवास्तीचा आवाज चढला तसं बाळ दचकलं. “मी इथे जीव मुठीत धरून बसलेय आणि तुम्ही मला उंदीर सांगता?”

म्हातारा पुढे सरकला. आवाज खाली आणला.

“पोरी, नव्वदी ओलांडली त्याने. दारासमोर, ऊन खात खात मेला. मरताना आपलं नाव नातवाला दिलं. त्याने आपल्या नातवाला. आजा, नातू, आजा, नातू, असं करत करत ते माझ्यापर्यंत आलं. आमच्यात एक पडला असेल, दुसरा धडपडला असेल. पण ज्याचं नाव इकारोस, त्याला या समुद्राने कधी ठेवून घेतलं नाही. घेतच नाही तो. एकदा परत केलेला माल आहे.”

बाळाच्या मुठीत सेवास्तीच्या गळ्यातल्या पदकाची साखळी अडकली होती, ती सोडवता सोडवता तिची बोटं थांबली.

“एकही नाही बुडाला?” तिने विचारलं. यावेळी चिडून नाही.

“एकही नाही.”

“देवाशपथ?”

“देवाशपथ.”

घंटा वाजायला लागली. स्त्रातिस उठला, पाठीमागची धूळ झटकली.

“म्हणजे इकारोस सांगू ना?”

सेवास्तीने बाळाकडे पाहिलं, मग दाराबाहेर निळ्या पाण्याकडे. तिची मान होकाराला हलणार तोच खिडकीपाशी बदाम खडखडत जमिनीवर सांडले.

“खोटं!” अर्गिरो उभी राहिली होती. “साफ खोटं! बापाविना वाढलेल्या पोरीला देवाशपथा घेऊन फसवतोस? तुझा आजा पानागिस, त्याचाही आजा पानागिस! आणि इकारोस हे नाव तुला मी ठेवलंय, मी! आमच्या अंगणातल्या अंजिरावर चढून मला बघायला वाकलास आणि धाडकन शेणात पडलास, तेव्हा!”