फोटोतल्यासारखं हस

“आ कर,” म्हणत लोरीनने ब्रिन्लीच्या हिरडीवर खोट्या दातांची पट्टी दाबून बसवली.

सहा वर्षांच्या पोरीचे पुढचे दोन्ही दात याच आठवड्यात पडले होते, ऐन छोट्या मुलींच्या सौंदर्यस्पर्धेच्या तोंडावर. आता दुधाचे दात काय मुहूर्त बघून पडतात? पण दोन वर्षं मुकुट थोडक्यात हुकत होता आणि यंदा तो हवाच होता.

“टोचतंय, मम्मा.”

“पाच मिनिटं कळ काढ. फोटोतल्यासारखं हसायचं, बस्स.”

स्पर्धेसाठी काढलेला ब्रिन्लीचा फोटो मात्र नामी होता. फोटोवाल्याने गालावरचे तपकिरी ठिपके पुसले होते, डोळे निळेशार केले होते, केस दुप्पट. जॉर्जियात स्पर्धेला येणाऱ्या सगळ्याच आया तसं करून घेतात. स्पर्धेत फोटोला वेगळे गुण आणि वेगळं बक्षीस असतं. लोरीनने तो मोठा करून बैठकीत लावला होता, गेल्या वर्षी वारलेल्या आजीच्या फोटोशेजारी. आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायची. स्पर्धेला निघताना काचेवर ओठ टेकवून सोबत घ्यायची.

ब्रिन्ली मंचावर गेली. परीक्षकांच्या पाठीमागे उभी राहून लोरीन एकेक हावभाव करून दाखवत होती. पोरीने गिरकी घेतली, कमरेवर हात ठेवले. हसायची वेळ आली तशी ती थबकली. मग तिने सगळ्यांदेखत पट्टी काढून मुठीत धरली आणि खाली मान घालून उभी राहिली.

“घरी सराव नाही का गं घेतलास?” शेजारी उभ्या टॅमीने, दुसऱ्या एका स्पर्धक मुलीच्या आईने, गोड आवाजात विचारलं.

लोरीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटोचं बक्षीस ब्रिन्लीला मिळालं, मुकुट टॅमीच्या लेकीला. बक्षीस घ्यायला जातानाही लोरीनला मान वर करवेना.

गाडीत बसल्यावर तिचा बांध फुटला. “चार लोकांत शोभा केलीस माझी. नुसतं हसायला काय झालं होतं तुला?”

“मला तिच्यासारखं नाही येत.”

“कुणासारखं?”

ब्रिन्लीने मागच्या सीटवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. मग सरकून तिने आईचा हात धरला.

“तू रडू नकोस ना. मी कधीच विचारणार नव्हते,” ती हळूच म्हणाली. “मम्मा, ही माझी ताई कशानं वारली?”