शंभरच्या आत

केतकीनं चौथ्यांदा बटण दाबलं. स्कूटर ढिम्म. नव्या नियमानुसार हृदयाचे ठोके शंभरच्या आत आल्याशिवाय गाडी सुरूच होत नसे, आणि नवऱ्याला अपघात झाल्याचा फोन आल्यापासून तिच्या हेल्मेटच्या काचेवर एकशे चाळीसचा आकडा होता.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन वाजला. तो त्यांनी आत जाऊन घेतला आणि जरा वेळानं पदरानं तोंड पुसत त्या बाहेर आल्या.

"निनाद शुद्धीवर आलाय गं. चहा मागतोय म्हणे."

केतकी एकदाची रडून मोकळी झाली. आकडा हळूहळू उतरला, गाडी सुरू झाली.

"आई, बसा लवकर."

"तू हो पुढे. मी त्याच्यासाठी मऊ भात घेऊन येते," म्हणत त्यांनी आपलं हेल्मेट पायरीवर ठेवलं.

गाडी मागे बसणाऱ्याचेही ठोके मोजायची.