लोकल आयडी

"लोकल आयडी चालत नाही, मॅडम." मॅनेजरनं आधार कार्ड काउंटरवरून परत सरकवलं. "चारकोप, कांदिवली. घर तासाभरावर आणि रूम मरोळला? कशाला? घरी जा ना."

"घरी नाही जाता येत," ऋतिका म्हणाली.

मॅनेजरचं नाव माणिक होतं. खिशावर तशी पट्टी होती. त्यानं तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. मागून कुणी पुरुष येतोय का, ते बघत होता. कुणी येत नव्हतं. दुपारचे साडेतीन वाजले होते.

"पुण्याहून आलेय, कंपनीच्या कामाला. दोन दिवस इथल्या एका औषध कारखान्यातले वजनकाटे तपासायचेत." तिनं कंपनीचं पत्र पुढे केलं.

"पत्र ठीक आहे हो. पण पोलीस येऊन रजिस्टर बघतात. लोकल मुलगी, एकटी, घर सोडून हॉटेलात. माझी वाट लागेल." तो थोडा विचारात पडला. "एक करता येईल. घरच्यांशी बोलणं करून द्या. नवऱ्याचा नंबर सांगा."

"कार्डावर वडिलांचं नाव आहे," ती म्हणाली. "वडिलांनाच लावा."

तिनं दहा आकडे न अडखळता सांगितले.

वडील, गुणाजी राणे, तिचा फोन उचलत नसत. दोन वर्षं आणि चार महिने. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या कृणालशी लग्न करणार, असं तिनं घरी सांगितलं, त्या संध्याकाळपासून. "त्यांच्या हातचे मासे चालतात बाबा, मुलगा नाही चालत?" असं ती म्हणाली होती. गुणाजी ताटावरून उठले होते. हात धुऊन आले आणि एवढंच म्हणाले, "या घरात परत यायचं नाही." लग्न करून ती पुण्याला गेली आणि तिथून तिनं दर रविवारी फोन केला. आधी पूर्ण वाजायचा. पुढे एकदाच वाजून कट होऊ लागला.

आज नंबर हॉटेलचा होता. चौथ्या रिंगला तो उचलला गेला.

"हॅलो?"

माणिकनं स्पीकर लावला. ऋतिकानं काउंटरची कड धरली. आवाज थोडा घोगरा झाला होता. बाकी तोच.

"काका, मरोळहून हॉटेलातून बोलतोय. ऋतिका तुमची मुलगी ना? कंपनीच्या कामाला आलीय म्हणते, इथं रूम मागतेय. कार्ड चारकोपचं आहे, म्हणून आपलं विचारून घेतो."

पलीकडे पंखा फिरत होता. खालून भाजीवाला ओरडत गेला. तिला ती गल्ली दिसली, जिना दिसला, दाराबाहेरचा चपलांचा स्टँड दिसला. तिची बॅग अजून खांद्यावरच होती.

"होय," गुणाजी म्हणाले. "माझीच मुलगी."

तिचे डोळे भरून आले.

"मग घरीच पाठवू का, काका? रिक्षात बसवून देतो. तासाभरात पोचेल."

पुन्हा पंखा. ती नकळत मोजत होती. सात सेकंद गेले.

"नको. कामाला आलीय ना ती, तिला तिथूनच सोयीचं. चांगल्या घरची मुलगी आहे, काही भानगड नाही. माझं नाव लिहा हवं तर. तिला रूम द्या."

मागून आईचा आवाज आला, स्वयंपाकघरातून यावा तसा. "कोणाचो फोन?"

"कोणाचो नाय," गुणाजी म्हणाले. "राँग नंबर."

फोन बंद झाला.

माणिक खूश झाला. "वडील देवमाणूस आहेत हो तुमचे. नाहीतर लोकांचे बाप मलाच शिव्या घालतात." त्यानं रजिस्टर तिच्यापुढे फिरवलं आणि किल्ली ठेवली. "दुसरा मजला. लिफ्ट बंद आहे."

खोलीला खिडकी होती. ती उघडली तर समोर वीतभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. चादरीला सिगारेटनं पाडलेलं भोक. बादली होती, तांब्या नव्हता. एसीच्या रिमोटवर अठरा आकडा दिसत होता आणि एसीतून गरम हवा येत होती. बाथरूमच्या दाराला आतून कडीऐवजी सुतळी बांधलेली होती. ऋतिका पलंगाच्या कडेवर बसली. बॅग तिनं मांडीवरच ठेवली.

सुयोगचा फोन आला. तो तिच्याच टीममधला. सकाळीच मुंबईला पोचला होता.

"अगं ए येडे, आहेस कुठे? ऑफिसनं तुझी रूम इथं बुक केलेली. झकास हॉटेल आहे, यार. खाली बुफे, वर पूल. आणि रिसेप्शनवाला म्हणतो, मॅडमनी स्वतः फोन करून कॅन्सल केली!"

"हो."

"हो काय? आता कुठं उतरलीयस?"

तिनं नाव सांगितलं.

"त्या खुराड्यात? रिव्ह्यू तरी वाचायचे ना गं!"

"वाचले होते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिनं बुकिंगचं ॲप उघडलं. या हॉटेलला पाचपैकी एक पूर्णांक सहा गुण होते. खाली कुणीतरी संतापून लिहिलेल्या तीन ओळी होत्या. गेल्या आठवड्यात, बुकिंग करण्याआधी, त्या तिनं इतक्यांदा वाचल्या होत्या की आता पाठ झाल्या होत्या. तरी तिनं पुन्हा एकदा वाचल्या.

'अत्यंत भिकार हॉटेल. चुकूनही जाऊ नका. लोकल आयडी दाखवलं तर रूम देत नाहीत, सरळ बापाला फोन लावतात आणि घरी पाठवून देतात.'