चौथ्यांदा अठरा

“कागद बघू नकोस गं, माणूस बघ,” आत्तेसासूबाई म्हणाल्या होत्या. जन्मभर नर्सची नोकरी केली, त्यांना सगळीकडे संकटच दिसणार, असं म्हणून सुनेनं ते हसण्यावारी नेलं होतं.

आता सासूबाईंच्या खाटेपाशी उभी राहून ती कागदच वाचत होती. पित्ताशयाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. सिस्टर तीन रकाने भरत होत्या. रक्तदाब, शुद्ध, श्वास. तिन्हींतले दोन बिघडले, की सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गानं सगळं शरीरच कोलमडण्याचा, संशय धरायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. हे तिनं सकाळीच खोदून खोदून विचारून घेतलं होतं.

वरचा रक्तदाब अठ्ठ्याण्णव, शंभराच्या खाली. एक बिघडला.

“आजी, नाव सांगा बघू.”

“सकाळीच सांगितलं की. तुम्हीच विसरलात?”

जीभ शाबूत होती. सिस्टर हसल्या आणि श्वासाच्या रकान्यात त्यांनी अठरा लिहिलं. छातीकडे न बघता.

वरच्या तिन्ही ओळींतही अठराच होतं. त्या प्रत्येक अठराला तिचा जीव भांड्यात पडला होता.

बाळ झाल्यापासून झोपलेल्या बाळाचे श्वास मोजायची तिला खोडच लागली होती. “मीटर किती पडलं?” म्हणून नवरा चिडवायचा. तिनं मोबाइलवर वेळ लावली. चादर घाईघाईनं वरखाली होत होती.

“सिस्टर, मिनिटाला अठ्ठावीस आहेत. बावीस झाले की बिघडलं, तुम्हीच म्हणालात ना?”

“ताई, बारा पेशंट आणि मी एकटी. घाबरलेल्या माणसाला सगळंच जास्त दिसतं.”

“मग तुम्ही मोजा. एक मिनिट. अठरा निघाले तर मी तोंडातून ब्र काढणार नाही.”

सिस्टरांनी घड्याळ समोर धरलं. अठरा झाले तेव्हा काटा चाळिसावरही पोचला नव्हता. उरलेलं मिनिट त्यांनी मोजलंच नाही. त्या धावल्या.

डॉक्टर आले. रक्त तपासायला गेलं, सलाईन लागलं, औषध सुरू झालं. “वेळेत कळलं,” ते म्हणाले.

सिस्टर शेजारच्या खाटेचा कागद धरून उभ्या होत्या. तिथेही अठरा. पलीकडेही. बाराही कागदांवर.

“ताई,” त्या म्हणाल्या, “मी इकडून मोजत येते. टोकाच्या आजोबांपाशी कुणीच नसतं. त्यांचे तुम्ही मोजाल?”

तिनं स्टूल उचललं.

तुमच्याही ओळखीचं कुणी आज दवाखान्यात एकटं असेल. जरा डोकावून याल?