सात नंबरचं पुस्तक

"म्हणजे वाचणारं एकही माणूस हजर नाही," तपासनीस म्हणाला आणि त्याने पेनाचं टोपण काढलं.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तीन वर्षं त्या या एका खोलीत गावातल्या बायकांना लिहा-वाचायला शिकवत होत्या. तपासणी शुक्रवारी होती. साहेब मंगळवारीच उगवले, आणि वाचता येणाऱ्या अकराही जणी सकाळीच ट्रॅक्टरमध्ये बसून कापणीला गेलेल्या.

"शुक्रवारी या ना, साहेब. एकेक जणी घडाघडा वाचून दाखवेल."

"शुक्रवारी मी तिसऱ्याच गावात. नियम साधा आहे, बाई. कुणीतरी एका शिकणारीने न पाहिलेल्या पुस्तकाची दोन पानं वाचायची. नाहीतर केंद्र बंद. टाकीवाले वाटच बघतायत."

टाकी म्हणजे पाण्याची टाकी. केंद्र बंद झालं की ही खोली पाडायची आणि इथेच दहा फूट खोल खणायचं, असं कधीचं ठरून बसलं होतं. पाण्याला कोण नाही म्हणणार? बाईंनी आशा सोडलीच होती.

"मी वाचते की," दारातून आवाज आला.

दारात थापीमावशी उभी होती. गावातली एकुलती एक बाई-गवंडी. हातातली थापी कधी सुटायची नाही, म्हणून हे नाव पडलेलं. पन्नाशीची, अंगाने काटक, उजव्या हाताची दोन बोटं वाकडी. या खोलीची कोब्याची जमीन गेल्या वर्षी तिनेच एकटीने केली होती, आणि मदतीला कुणालाही जवळ फिरकू दिलं नव्हतं.

"मावशी, तुम्ही?" बाई चपापल्या. "साहेब, या आत्ता कुठे यायला लागल्यात. कच्च्या आहेत अजून."

"कच्चं की पक्कं ते मी ठरवतो. काय मावशी, घरचे येऊ देतात का? नवरा काय म्हणतो?"

"आता काही म्हणत नाही."

"तो लांब कामाला गेलाय, वर्ष झालं," बाईंनी सांगून टाकलं.

"ही खोली पडता कामा नये, साहेब," मावशी म्हणाली. "बाकी माझं काही मागणं नाही."

तपासनिसाला भरून आलं. बारा गावं फिरला होता, पण शिक्षणाची अशी ओढ त्याला कुठे दिसली नव्हती. त्याने पिशवीतून नव्या पुस्तकांचा गठ्ठा काढला आणि दोघींच्या देखत त्याचं सील तोडलं. प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर, वर फक्त नंबर. चित्र बघून कुणी अंदाजपंचे ठोकू नये, म्हणून कार्यालयाने लढवलेली ही अक्कल. आत काय आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने सात नंबरचं पुस्तक मावशीच्या हातात ठेवलं.

मावशीने ते उघडलं. वाकडं बोट ओळीखाली टेकवलं.

"एक बाई होती," ती म्हणाली. "तिच्या घरात पुस्तक सापडलं. पिठाच्या डब्यात लपवलेलं. नवऱ्याने तिचा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि वर हातोडा घातला. बोटं मोडल्याचा आवाज तिला आधी आला, कळ मागून. तो म्हणाला, धर आता पेन."

तपासनीस खुर्चीत पुढे सरकला.

"ती ओरडली नाही, याचा त्याला जास्त राग आला. त्याने तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं. एकदा नाही, दमेपर्यंत. मग पाणी प्यायला आणि म्हणाला, उद्या त्या पुस्तक देणारीची पाळी. तिचे तर दोन्ही हात ठेवत नाही."

बाईंच्या हातातला खडू मोडला.

"दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो खरंच निघाला. हातात तोच हातोडा. वाटेत ही कामावर होती, फडक्याने हात बांधून. हिने फावडं उचललं. पहिला घाव मानेवर बसला. तो गुडघ्यावर आला, हिच्याकडे बघायला लागला. ओळखलंच नाही त्याने हिला. दुसरा घाव डोक्यात. रक्त तिच्या तोंडावर उडालं, ते गरम होतं. तिसऱ्याची गरज नव्हती. तो तिने आपल्या बोटांसाठी घातला."

आवाज सपाट होता. बोट पहिल्या ओळीखालून एकदाही हललं नव्हतं. घाबरली असेल, असं समजून तपासनिसाने तिकडे काणाडोळा केला.

"जवळच खड्डा होता, दुसऱ्याच कामासाठी खणलेला. दिवस मावळायच्या आत तिने तो बुजवला. मग हातपाय धुतले, घरी गेली, आणि त्या दिवशी पोटभर जेवली. संपलं."

तपासनिसाच्या अंगावर काटा आला होता. बाई तर भिंतीला टेकून उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. इतक्या घाबरट बाई शिकवतात तरी कशा, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"कमाल केलीत, मावशी! आमचे साहेबसुद्धा इतकं मन लावून वाचत नाहीत." त्याने तपासणीच्या अहवालावर 'केंद्र चालू ठेवावे' असं लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला.

"मग आता इथे खणणार नाहीत ना?"

"निदान दहा वर्षं तरी कुणी हात लावत नाही."

मावशीने पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. जाताना ती बाईंपाशी थांबली, त्यांचा पदर नीट केला आणि म्हणाली, "बाई, उद्यापासून मला नीट शिकवा." मग ती निघून गेली.

अहवालात एकच रकाना उरला होता. पुस्तकाचं नाव. असं धाडसाचं लिहिणारा कोण, हेही त्याला बघायचं होतं. त्याने खाकी कव्हर फाडलं. 'कोंबड्यांची निगा आणि त्यांचे रोग.' त्याने पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली. शेवटपर्यंत कोंबड्याच होत्या.

तपासनिसाने हळूच दोन्ही पाय जमिनीवरून उचलले आणि खुर्चीच्या दांडीवर ठेवले.