उतार लागला की

"मेलं बघ परत!" हिरामणनी डाव्या हाताची थाप टेबलावर मारली.

स्क्रीन काळी झाली. खेळातला घाट गेला, बस गेली, बसमधली माणसं गेली. मग कॉम्प्युटर काही घडलंच नाही अशा थाटात पहिल्यापासून सुरू झाला.

तृप्तीने हातातली लाटी तशीच परातीत टाकली आणि बाबांकडे धावत आली. नवं ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून हेच चाललं होतं. कॉम्प्युटर मध्येच दचकायचा आणि रीस्टार्ट व्हायचा. कार्ड लांबलचक, जुन्या कॅबिनेटमध्ये मावेना. म्हणून मोठं कॅबिनेट आणलं. ते टेबलावर राहीना. म्हणून खाली, बाबांच्या पायांशी ठेवलं.

बाबा एसटीचे ड्रायव्हर. जन्मभर पेठची गाडी चालवली. सावळघाट चढले, सावळघाट उतरले. निवृत्तीच्या तोंडावर अर्धांगाचा झटका आला आणि उजवा पाय गेला. पाय होता, पाऊल नव्हतं. व्यायाम शिकवायला बाई यायच्या. "काका, मनात आणा, नुसता अंगठा हलवा," म्हणायच्या. हिरामण भिंतीकडे तोंड करायचे. "लाकडाला कसली कवायत, बाई!" शेवटी बाई यायच्या थांबल्या.

फक्त या बसच्या खेळासाठी ते उठून बसायचे. डाव्या हाताची बोटं कीबोर्डवर, नजर रस्त्यावर. जुन्या कार्डवर रस्ता म्हणजे राखाडी पट्टी आणि झाडं म्हणजे हिरवे ठोकळे. बाबांना घाट घाटासारखा दिसावा म्हणून तर तृप्तीने नवं कार्ड घेतलं होतं. आता खेळच बंद पडला तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे वळणार, आणि या खेपेला वळला की वळला. त्या धास्तीने तिला एका जागी बसवत नव्हतं.

तिने कार्ड काढून पुन्हा बसवलं. वायरी दाबून पाहिल्या. सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. मग कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मयूरला, वर्गमित्राला, बोलावून घेतलं.

"कार्डला करंट पुरत नसणार गं," म्हणत त्याने मोठा पॉवर सप्लाय बसवला. तपासणीचा प्रोग्राम लावला. पंखे घोंघावले, कार्ड तापलं, कॉम्प्युटर ढिम्म. तृप्तीने स्वतः बस घेतली आणि अख्खा घाट उतरून आली. काही नाही.

"या काका, गाडी तयार!"

तृप्तीने बाबांना खुर्चीत बसवलं, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून जागेवर ठेवला. बस निघाली. चढ संपला, उतार लागला, आणि अंधार.

"काका, चुकून कुठलं बटण दाबता का?"

"अरं, मी पेठला गाडी नेत होतो तवा तू पाळण्यात मुतत होतास. मला बटणं शिकवतो!" हिरामण हसले नाहीत. आवाज खाली गेला. "ऱ्हाऊ दे पोरी. माझ्याच हातात मरतंय. मला आडवं कर."

"एकदा, बाबा. एकदाच."

आता तिने स्क्रीनकडे पाहिलंच नाही. एखादी वायर सैल असेल म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून ती टेबलाखाली शिरली. वर बस निघाली. चढाला इंजिन कण्हलं, मग आवाज हलका झाला. उतार.

"लय खोल हाय दरी," हिरामण वर पुटपुटले. "काय दिसतीय... सावळघाटच. आलं, आलं बघ वळण..."

वायरी सगळ्या घट्ट होत्या. कॅबिनेटच्या तोंडावर, घोट्याच्या उंचीला, रीस्टार्टचं बटण होतं. त्याच्यासमोर तृप्तीने मघाशी ठेवलेला पाय.

त्या पायाचा अंगठा थरथरला. टाच रोवली गेली. पाऊल उचललं आणि पुढे गेलं, भरल्या गाडीचा ब्रेक दाबावा तसं. बटण टक् वाजलं.

"गेलं परत!" वरून मयूर ओरडला. "सापडलं का काही?"

तृप्तीने टॉर्च त्या पावलावरच धरून ठेवला.

"बाबा, गाडी परत घाटात घाला."

"अगं, परत बंद पडंल की!"

"पडू दे."